खालची दुमड

पलंगावर शर्ट सात होते. सगळे पूर्ण बाह्यांचे, खाली सरळ कापाचे, एकाच हाताने शिवलेले. पाच पांढरे, एक निळसर, एक बदामी. प्रत्येकाला नऊ याप्रमाणे बटणं त्रेसष्ट हवी होती, होती एकसष्ट. कॉलरच्या घडीवर विरलेले पाच, कोपरांत विरलेले दोन, आणि चार माणसांत घालून जावं असा एकही नाही. खालची दुमड चार शर्टांना अडीच इंच, वर अर्धं सूत. उरलेल्या तिघांना जेमतेम दोन सूत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

तिने हे सगळं कागदावर लिहून काढलं. घरात तिला 'मोजणी' म्हणत. चार वर्षांची असताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय ती वर चढत नसे आणि मध्येच कुणी हाक मारली तर रडत खाली जाऊन पुन्हा एकपासून सुरुवात करत असे. आता विज्ञानाची पदवी घेऊन ती वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली होती. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपाची मापं, कारखान्यांतल्या फूटपट्ट्या तिच्या टेबलावर येत आणि खऱ्या की खोट्या ते ठरवून घेऊन परत जात. नाव सार्थ झालं, असं आई म्हणाली होती.

आई जाऊन आठ महिने झाले होते. कपाटात सात शर्टांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कापडाचा तुकडा सापडला. सव्वादोन मीटर, फिकट करडा, उजेडात धरला तरच दिसेल अशी बारीक रेघ. आत टाचणीने चिठ्ठी लावलेली, आईच्या पेन्सिलीत : 'यांचा शर्ट'.

"यांचा" म्हणजे बाबांचा. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं डाव्या खांद्यावर पिशवी, त्यामुळे डावा खांदा उजव्यापेक्षा सहा सूत खाली. तयार शर्ट त्यांच्या अंगावर डावीकडे घसरे आणि कॉलर उजव्या कानाकडे जाई. "दुकानातला शर्ट घातला की मी कुणाकडे तरी चोरून बघतोय असं वाटतं," ते म्हणत. लग्नापासून त्यांनी आईच्या हातचेच शर्ट घातले होते.

शर्ट मोजून झाले त्याच रविवारी काजवाली मावशी आली. मावशी नात्यातली नव्हती. आईच्या शिवणवर्गातली ती सर्वांत जुनी विद्यार्थिनी, आणि काजं करण्यात तिचा हात असा की आई स्वतः शिवलेल्या शर्टांची काजंही तिच्याकडेच पाठवायची. आता वर्ग तीच चालवत होती.

"पुढच्या रविवारी सकाळी वर्गात बाईंचा फोटो लावायचाय," खुर्चीत बसायच्या आतच तिने सांगून टाकलं. "तुम्ही यायचं आणि दोन शब्द बोलायचे."

"मला नाही बोलता येत," बाबा म्हणाले.

"एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभे राहून काय केलंत मग?"

"पत्र दिलं आणि पुढे गेलो."

"तसंच द्या आणि पुढे जा. पण शर्ट धड घाला हो. चाळीस बायका येणार आहेत. त्या काही फोटोकडे बघणार नाहीत, तुमच्या कॉलरकडे बघणार."

"मग कॉलरच टांगा भिंतीवर."

मावशी हसली, मग नजर पलंगावरच्या शर्टांवर गेली. आठ महिन्यांत बाबा दूध आणायला कोपऱ्यापर्यंत आणि औषधाच्या दुकानापर्यंत गेले होते. त्यापलीकडे नाही. मावशी गेल्यावर ते खिडकीशी उभे राहून म्हणाले, "हे घालून कसा जाऊ तिच्या वर्गात? तिची लाज निघेल."

"मी शिवते," मोजणी म्हणाली. "कापड आहे. आईनेच आणून ठेवलंय."

बाबांनी वळून पाहिलं. "तू?"

"परकर शिवलेत मी. उशांचे अभ्रे शिवलेत."

"उशीला खांदे नसतात, बाळ." पण त्यांनी कापड हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं आणि परत देताना म्हणाले, "हे एवढंच आहे. असं दुसरं मिळायचं नाही."

तिने सगळं नीट केलं. निदान तिला तसं वाटलं. खाकी कागदाची पेपर कटिंगं आईच्या ट्रंकेत होती : पाठ, छातीकडचे दोन 'पुढे', खांद्यांवर बसणारा 'शोल्डर', बाह्या. डाव्या पुढ्यावर आणि शोल्डरच्या डाव्या अंगाला आईने फुली मारून ठेवली होती आणि खांद्याचा उतार वेगळा कापला होता. खालच्या कडेवर लिहिलं होतं, 'दुमड अडीच'. इतकी रुंद दुमड कशाला, पुरुषांच्या शर्टाला बोटभर पुरते, असं तिच्या मनात आलं. पण लिहिलं होतं म्हणून तिने ठेवली.

कॉलर, कॉलरखालची उभी पट्टी आणि कफ यांचे कागद नव्हते. ते आई दर वेळी नव्याने आखायची, कारण माणसाचा गळा बदलतो. त्यांची मापं तिच्या वहीत होती : गळा सोळा, कफ साडेनऊ. आईचा टेप मशीनच्या खणातच होता. मेणकापडाचा, पिवळा, टोकाची पितळी पट्टी गेलेली, पहिल्या दहा इंचांचे आकडे बोटांनी पुसलेले. मोजणीने तो बघितला आणि परत खणात टाकला. तिच्याकडे दोन फुटी स्टीलची पट्टी होती, प्रयोगशाळेतून तपासून घेतलेली. सोळा म्हणजे सोळा.

बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठ आणि पुढे जोडले गेले, बाह्या लागल्या, कफ लागले, खालची दुमड बसली. मशीन चालू झालं की बाबा बाहेरच्या खोलीत रेडिओ बंद करत, हे तिच्या लक्षात आलं होतं. त्यांना तो आवाज ऐकायचा असावा. मग तिने कॉलर लावायला घेतली. कॉलरपट्टी गळ्याला टाचत टाचत आली, उजव्या टोकाशी पोचली आणि पट्टी संपली तरी गळा उरला. तीन सूत.

तिने टाचण्या काढल्या. पट्टी मोजली. बरोबर. कापताना कापड सरकलं असेल म्हणून उरलेल्या कापडातून दुसरी पट्टी काढली, या वेळी चारी बाजूंनी वजनं ठेवून, श्वास रोखून. ती लावली. तीन सूत कमी. आता शिल्लक राहिलेला सगळ्यात मोठा तुकडा तळहाताएवढा होता.

चूक दोनदा झाली, तीही तेवढीच आणि त्याच बाजूला, तर हात थांबवायचा आणि माप तपासायचं. हे ती प्रयोगशाळेत नव्या मुलींना शिकवायची. पण रविवार चार दिवसांवर आला होता, आणि तिने मोठी झालेली बाजू लहान करायची ठरवली. गळा लहान करायचा तर खांद्याची शिवण आत घ्यायची. डाव्या खांद्याचा उतार तिला तसाही जास्त वाटत होता. तिने तिथेच दीड सूत आत शिवण मारली. दोन्ही पदर मिळून तीन सूत गेले. पट्टी गळ्याला तंतोतंत बसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी शर्ट घातला. सगळ्यात वरचं बटण लावायच्या जागी त्यांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि मान वर केली, जशी कुणी दाढी करताना करतो तशी. गळ्यात बोट जात नव्हतं. डाव्या खांद्यावर कापडाचा फुगा आला होता. कॉलर उजव्या कानाकडे निघाली होती, अगदी दुकानातल्या शर्टासारखी.

"छान झालाय," ते म्हणाले. आरशात बघितलं नाही.

"छान नाही झालाय."

"चालेल गं. तासाभराचा तर प्रश्न."

त्यांनी चालवून घ्यावं हेच तिला सहन झालं नाही. "मी कागदाप्रमाणे कापलंय, वहीप्रमाणे मापं घेतलीत. पट्टी दोनदा कापली. वहीतला गळाच चुकलाय, बाबा. आईचं माप चुकलंय."

बाबांनी कफ सोडले, एक बाही काढली, मग दुसरी.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले, "एकतीस वर्षं रोज सकाळी तिचा शर्ट घालून बाहेर पडलो मी. एकदाही गळा काचला नाही. एकही शर्ट चुकला नाही तिचा. आणि तू एक शर्ट शिवलास आणि तिचं माप चुकलं?"

"मी तसं नाही म्हणत."

"तसंच म्हणालीस." त्यांनी शर्टाची घडी घातली. बाह्या मागे, कॉलर वर, टपालाच्या गठ्ठ्यासारखी चौकोनी. मशीनवर ठेवली. "मावशीला कळव. रविवारी मी यायचो नाही."

शुक्रवारी सकाळी ती कामावर निघायच्या तयारीत असताना बाबा आतल्या खोलीत आले. डोळे लाल होते. त्यांनी मशीनचा खण उघडला, पिवळा टेप काढला आणि बोटांना गुंडाळत उभे राहिले.

"याच्याने मोजलंस का?"

"नाही. जुना झालाय तो. मी स्टीलच्या पट्टीने मोजलं."

ते पलंगाच्या कडेवर बसले.

"तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. दुपारचा जेवायला घरी आलो होतो, पिशवी भरलेली, आणि दारातच पट्टा तुटला. तुझी आई शेजारी गेली होती. मशीनवर हा टेप पडला होता, कोरा, लग्नात तिला तिच्या आईने दिलेला. मी पिशवीच्या दोन कड्यांना हा बांधला आणि गेलो. दुपारभर वागवली. वाटेत भिजलोही. संध्याकाळी आणून ठेवला जागेवर, काही झालंच नाही अशा थाटात. तिने मशीनवरच्या खुणांशी लावून बघितला आणि ओळखलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"ताणला गेला होता?"

"तर काय. मी म्हटलं, नवीन आणतो. नको म्हणाली. म्हणाली, सगळ्यांची मापं याच्यातच घेऊन ठेवलीत, आता माझा इंच एवढाच. चूक सगळीकडे सारखी असली की कपडा बसतो. घरात दोन टेप आले, की मग भांडण." त्यांनी टेप तिच्यापुढे धरला. "मी कुणाला सांगितलं नाही. वर्गात एवढा मान तिला. टपालवाल्याने टेप बिघडवला आणि बाईंचा इंच खोटा आहे, हे काय सांगायचं?"

मोजणीने पर्स खाली ठेवली. टेप टेबलावर पसरला, ताण न देता, आणि त्याच्या कडेला स्टीलची पट्टी तीनदा लावली. मग उलट्या टोकाकडून तीनदा. टेपावर साठ लिहिलं होतं. पट्टीवर साडेएकसष्ट आलं, दोन्ही वेळा. तिने मनातल्या मनात भाग दिला. सोळा इंचांना तीन सूत, वर थोडंसं.

पाठ आणि पुढे आईच्या इंचाने कापले होते, कॉलरपट्टी तिच्या. कफांतही तोच फरक असणार, तो बाहीच्या चुण्यांनी गिळला होता. आणि त्या चार शर्टांच्या दुमडीवर दिसलेलं अर्धं सूत, जे तिने लिहून ठेवलं होतं आणि ज्याच्याकडे पुन्हा बघितलंही नव्हतं, तेही याच ताणाचं.

"माझंच चुकलं, बाबा."

"मी आधी सांगायला हवं होतं."

"तुम्हाला काय माहीत मी स्टीलची पट्टी घेईन."

"तुला नाही तर कुणाला घ्यावीशी वाटणार?" ते म्हणाले. ओठांचा एक कोपरा किंचित हलला.

चूक कळली म्हणून कापड मात्र वाढलं नाही. तिने फोन करून दोन दिवसांची रजा घेतली आणि डाव्या खांद्याची शिवण उसवायला बसली. उसवणं ब्लेडने नाही, आईसारखं सुईच्या टोकाने, एकेक टाका. उतार पुन्हा आईच्या जागेवर आला. जुन्या टाक्यांची भोकं ओल्या फडक्याने आणि नखाने दाबून बुजवली. कॉलरचं पान, म्हणजे वरून दुमडणारा भाग, तेच ठेवता येत होतं. त्याची टोकं दीड-दीड सूत मागे राहिली असती, कुणाला दिसलं नसतं. पण पट्टी दोन्ही पदरांनी नवी हवी होती. साडेअठरा इंच लांब, पावणेदोन रुंद. तिच्यापुढे तळहाताएवढा तुकडा होता.

जुन्या शर्टाची पट्टी काढून लावावी म्हणून तिने सात शर्ट पुन्हा पलंगावर मांडले. रंग जुळत नव्हता. करड्या कापडावर पांढरी पट्टी म्हणजे चाळीस बायकांना तासभर पुरेल एवढा विषय. तिने शेवटचा प्रयत्न म्हणून बदामी शर्टाची कॉलर उलटी केली आणि पट्टीच्या आतल्या पदरावर बोट फिरवलं. मधोमध, मानेच्या कण्याखाली, एक बारीक उभी शिवण होती. जोड.

बदामी शर्टाची खालची दुमड दोन सूत होती.

तिने निळसर शर्ट घेतला. दुमड अडीच, पट्टी आतून अखंड. मग पांढरे. एक अखंड, अडीच. दुसरा, दुमड दोन सूत, पट्टीत जोड. सात शर्ट उलटे करून झाल्यावर तिने आपला रविवारचा कागद काढला. दोन सुतांची दुमड असलेले तिन्ही शर्ट आतून जोडलेले होते. त्यांतल्या एकाचा तर डावा कफही दोन तुकड्यांचा होता.

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. "बाबा, इकडे या जरा."

तिने त्यांचा अंगठा धरून बदामी शर्टाच्या पट्टीतल्या जोडावरून फिरवला. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. मग खालच्या कडा दाखवल्या, अरुंद आणि रुंद.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तिचं चुकायचं. सातांत तीनदा. दुमड त्यासाठी ठेवायची ती. चुकलं की तिथून कापड काढायची. बाहेरून काही दिसत नाही, लांबीही कमी होत नाही."

बाबा जोडावर अंगठा ठेवून उभे राहिले. तो बदामी शर्ट त्यांनी निवृत्तीच्या दिवशी घातला होता.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"तुम्ही तरी टेपाचं कुठे कुणाला बोललात?"

बाबा शर्ट हातातच घेऊन मशीनपाशी असलेल्या स्टुलावर बसले आणि ती काम करत होती तोवर उठले नाहीत. तिने करड्या शर्टाची दुमड उसवली. पाठीकडून निघालेली चिंधी बावीस इंच भरली. तीत बाहेरचा पदर सबंध बसला. आतला पदर दोन्ही पुढ्यांच्या चिंध्या मध्ये जोडून केला. आखताना तिने पिवळा टेप घेतला. पुसलेल्या दहा आकड्यांमुळे सुरुवात दहापासून करावी लागली, दहा ते सव्वीस. पट्टी गळ्याला टाचत टाचत ती उजव्या टोकाशी आली. दोन्ही कडा एकमेकींवर आल्या.

"बसली?" बाबांनी विचारलं.

"बसली."

खाली जेवढं उरलं होतं तेवढंच दुमडलं. शनिवारी दुपारी ती शर्ट घेऊन काजवाल्या मावशीकडे गेली. मावशीने चष्मा चढवला, शर्ट उलटा केला, सुलटा केला, खालची कड चिमटीत धरली.

"कुठे चुकलं?"

"कॉलरपट्टी."

"हं. बाईंचंही बहुतेक तिथेच अडायचं." मावशीने सुईत दोरा ओवला. "बस. तासाभरात देते. आणि येताहेत ना ते? का अजून कॉलर टांगायच्याच गोष्टी?"

"येताहेत."

रविवारी सकाळी वर्गात बाकांवर दाटीवाटीने बायका बसल्या होत्या. मशिनी भिंतीकडे सरकवल्या होत्या. फोटो लागला, थोडा कलता होता, तो दोघींनी सरळ केला. बाबा उठले. करडा शर्ट, सगळ्यात वरचं बटण लावलेलं. डावा खांदा खाली होता, आणि कॉलर मधोमध होती. पहिल्या बाकावरच्या मावशीने डोळ्यांनी खूण केली.

"हा शर्ट माझ्या मुलीने शिवलाय," बाबा म्हणाले. "तिचा एकदा चुकला. मग कळलं, की हिचेही चुकायचे." त्यांनी मागे फोटोकडे हात केला. "मला हे आत्ता कळतंय. तुम्हाला माहीत होतं का?"

मग मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "दुमड अडीच, असं आमच्याकडून घोकून घ्यायच्या ना!" आणि बऱ्याच जणींनी माना हलवल्या. बाबांनी हात जोडले आणि ते खाली बसले. बसताना त्यांनी कॉलरमध्ये एक बोट घालून बघितलं. बोट गेलं.

घरी परत येताना ते कोपऱ्यावर थांबले नाहीत. औषधाच्या दुकानावरून पुढे गेले, टपाल कचेरीपर्यंत चालत गेले आणि मग दोघं लांबच्या रस्त्याने परत फिरले.

संध्याकाळी मोजणीने आईची वही काढली. बाबांच्या पानावर शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि पिवळ्या टेपाने मोजून लिहिलं :

'करडा शर्ट. गळा सोळा. डावा खांदा सहा सूत खाली. खालची दुमड दोन सूत.'